काळे केस उन्हात तांबूस का दिसतात, आणि ते पुन्हा काळे होतात का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं वय २७. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: केस लहानपणापासून काळे, पण उन्हात उभं राहिलं की टोकं तांबूस दिसतात. सख्ख्या बहिणीचे केस मात्र उन्हातही काळेभोर, वर निळसर झाक. भावाच्या डोक्यावरचे केस काळे आणि दाढीत मधूनच तांबडे. शिवाय गेल्या वर्षभरात कानाजवळ सात-आठ पांढरे केस दिसायला लागलेत. "माझे केस खरंच काळे आहेत का, आणि पूर्वीसारखे काळे व्हायला काय लावू?"

तुमचे केस काळेच आहेत. आणि वरून काही लावून केसाचा नैसर्गिक काळा रंग परत येत नाही; लावून जे होतं ते रंगवणं. त्वचा आणि केसांच्या तक्रारी रोज पाहणारा माणूस म्हणून या दोन वाक्यांवर मी ठाम आहे. पण तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कंगव्यात अडकलेला एखादा लांब केस घ्या. पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, मग तोच केस खिडकीच्या उजेडासमोर धरा. कागदावर काळा वाटणारा केस उजेडासमोर बहुधा गडद तपकिरी दिसेल. घाबरू नका, बहुतेकांचा तसाच दिसतो. एकट्या केसातून थोडाफार प्रकाश आरपार जातो. डोक्यावर लाखभर केस दाटीनं असतात तेव्हा तो प्रकाश एका केसातून दुसऱ्यात जात आतच जिरतो आणि आपल्याला काळा रंग दिसतो.

त्या केसाचं एक टोक किंचित जाड, पांढुरकं, गाठीसारखं असेल. "केस मुळासकट निघाला" म्हणून लोक धास्तावतात ती हीच गाठ. ते मूळ नव्हे. केसाची वाढ थांबायची वेळ आली की त्यात रंग भरणं आधी बंद होतं आणि केस बनणं थोडं नंतर, त्यामुळे शेवटचा तुकडा बिनरंगाचा राहतो. मूळ कातडीतच असतं आणि काही काळानं तिथून दुसरा केस येतो. दिवसाला ५० ते १०० केस असे गळणं नेहमीचं आहे.

आता रंग कुठून येतो ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. वाढत्या केसाचं मूळ कातडीत काही मिलिमीटर खोल असतं. तिथे केस बनवणाऱ्या पेशींच्या शेजारी रंग बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन तयार करतात. हे काम टायरोसिनेज या एन्झाइमचं, आणि त्याला तांब्याचे अणू लागतात. वाटेत एक फाटा फुटतो. सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल त्या प्रक्रियेत मिसळलं तर पिवळसर-तांबडं फिओमेलॅनिन बनतं. नाहीतर काळं-तपकिरी युमेलॅनिन. तयार झालेला रंग बारीक कणांच्या रूपात शेजारच्या पेशींकडे सोपवला जातो. त्या पेशी केराटिन या टणक प्रथिनानं भरतात, मरतात आणि वर ढकलल्या जातात. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

कातडीतही मेलॅनिन असतंच, पण तिथे वरचा थर झडत राहतो, रंगकण मोडत राहतात, नवे बनतात. म्हणून उन्हानं काळवंडलेली कातडी काही आठवड्यांत पूर्ववत होते. केसाला ती सोय नाही. कातडीबाहेर आलेला केस ही मेलेली वस्तू आहे. त्यात रक्त जात नाही, रंग जात नाही, दुरुस्ती होत नाही. मुळाशी जेवढा रंग भरला तेवढ्यावरच त्याला पुढची काही वर्षं काढायची असतात.

आणि हा रंग असतो किती? काळ्याभोर केसातही वजनानं मेलॅनिन ३ टक्क्यांच्या आतच. बाकी सगळा केस जवळजवळ बिनरंगी प्रथिन. पांढरा केस म्हणजे तोच केस, त्या जराशा भागाशिवाय. करड्या रंगाचं वेगळं रंगद्रव्य माणसाच्या केसात नसतंच. काळे आणि पांढरे केस एकत्र दिसले, किंवा एखाद्या केसात रंगकण विरळ झाले, की डोळ्याला करडं वाटतं. जाता जाता सांगतो, स्क्विडसारखे समुद्री प्राणी धोका दिसला की जी काळी शाई सोडतात तिच्यातलं रंगद्रव्यही युमेलॅनिनच.

काळा हा जगात सर्वांत जास्त आढळणारा केसांचा रंग, आणि माणसाचा जुना, मूळचा रंगही तोच मानला जातो. भुरे, तांबडे, पिंगट केस नंतर काही जनुकांत बदल होत गेले तसे आले. यात सर्वांत प्रसिद्ध जनुक एमसी१आर. रंगपेशीच्या पृष्ठभागावरचा एक स्वीकारक तो बनवतो. संदेश आला आणि स्वीकारक धड असला की पेशी युमेलॅनिन बनवते. स्वीकारक अधू असला की फिओमेलॅनिनचं पारडं जड होतं. १९९५ मध्ये या जनुकातल्या फरकांचा आणि तांबड्या केसांचा संबंध दाखवला गेला. आफ्रिकेतल्या लोकांच्या या जनुकाचा अभ्यास झाला तेव्हा प्रथिन बदलणारे फरक तिथे जवळपास आढळले नाहीत. कडक उन्हात ज्याचं मेलॅनिन बिघडलं तो मागे पडला, असा त्याचा अर्थ लावतात. तो मला पटतो, पण ते कातडीबद्दल आहे. डोक्यावरचे केस काळे असण्याचा स्वतंत्र फायदा नेमका काय, यावर लोक ज्या आत्मविश्वासानं बोलतात तेवढा पुरावा नाही. केस कुरळे असण्याबद्दल मात्र चांगला प्रयोग झालेला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तापवता येणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर केसांचे वेगवेगळे टोप घालून उष्णता मोजली. घट्ट कुरळ्या केसांनी सूर्याची उष्णता डोक्यापर्यंत सर्वांत कमी पोचू दिली. ते टोप काळ्या केसांचेच होते.

जुन्या माणसांच्या केसांचा रंग आता डीएनएवरून बराचसा सांगता येतो. ग्रीनलंडमध्ये गोठलेल्या जमिनीत सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा केसांचा झुपका सापडला होता. २०१० मध्ये त्या केसांमधूनच त्याचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच वाचला गेला; प्राचीन माणसाच्या बाबतीत असं प्रथमच घडलं. डोळे तपकिरी, केस गडद आणि जाड, शिवाय टक्कल पडण्याकडे कल, असा अंदाज निघाला. स्पेनमधल्या ला ब्रान्या इथल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या माणसाचे डोळे निळे आणि केस गडद निघाले. म्हणजे डोळे, कातडी आणि केस यांचे रंग एकाच दावणीला बांधलेले नाहीत. याचं जिवंत उदाहरण सॉलोमन बेटांवर दिसतं. तिथल्या सावळ्या-काळ्या लोकांत ५ ते १० टक्के जणांचे केस चक्क सोनेरी असतात. समुद्राचं पाणी, ऊन, मासे अशी कारणं सांगितली जायची. २०१२ मध्ये कळलं की टीवायआरपी१ या जनुकातला एकच बदल त्याला जबाबदार आहे, आणि युरोपातल्या सोनेरी केसांशी त्याचा संबंध नाही.

हे एवढं सांगायचं कारण तुमच्या भावाची दाढी. एमसी१आरच्या दोन प्रतींपैकी एकीत फरक असेल तर डोक्यावरचे केस काळेच राहतात, पण दाढी-मिशीत तांबडे केस उगवू शकतात. डोकं, दाढी, भुवया, छाती या प्रत्येक ठिकाणची मुळं हॉर्मोनला आणि रंगाच्या संदेशाला आपापल्या परीनं प्रतिसाद देतात. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन छटा असणं अगदी साधं आहे. भावाच्या बाबतीत बहुधा हेच आहे. त्याला काही तपासायची गरज नाही.

आता बहिणीचे केस. निळसर झाक म्हणजे केसात निळा रंग नव्हे. केसावर प्रकाश पडला की थोडा सालीवरूनच परततो. केसाची साल, म्हणजे क्युटिकल, पारदर्शक असते, म्हणून हा परतलेला प्रकाश दिव्याच्या किंवा आकाशाच्याच रंगाचा असतो. उरलेला प्रकाश आत शिरतो, आतल्या बाजूला आपटून बाहेर येतो आणि येताना केसाचा रंग घेऊन येतो. भुऱ्या केसात हा दुसरा प्रकाश भरपूर, म्हणून ते सोनेरी, मऊ दिसतात. गच्च मेलॅनिन असलेल्या केसात आत गेलेला प्रकाश परततच नाही. उरते ती फक्त वरची चमक, आणि निरभ्र आकाशाखाली ती निळसर असते. बहिणीला पिवळ्या बल्बखाली उभं करा, झाक पिवळसर होईल. काळे केस जास्त चमकदार वाटतात त्याचंही कारण हेच: मागचा पडदा काळा, म्हणून पांढरी रेघ उठून दिसते. त्यामुळे चमक म्हणजे पोषण असं समीकरण मी मांडत नाही. चमक सांगते ती सालीच्या गुळगुळीतपणाची गोष्ट.

दुसरा मुद्दा जाडीचा. बहिणीचा एक केस आणि तुमचा एक केस चिमटीत धरून पाहा. तिचा जाड लागला तर आश्चर्य नाही. रंगकणांची दाटी सारखी असली तरी जाड केसात प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं. समजा ५० मायक्रॉन जाडीच्या केसातून चार हिश्श्यांपैकी एक हिस्सा प्रकाश पार होतो. मग तेवढीच दाटी असलेल्या १०० मायक्रॉनच्या केसातून सोळा हिश्श्यांपैकी एकच होईल. जाडी दुप्पट, पार होणारा प्रकाश चौथा हिस्सा. पूर्व आशियातल्या लोकांचे केस इतके काळेभोर दिसण्यात जाडीचा मोठा वाटा आहे, आणि तिथे सर्रास आढळणारा ईडीएआर जनुकातला एक बदल त्या जाडीशी जोडलेला आहे. लहान मुलांचे केस पुष्कळदा तपकिरी वाटतात आणि वयात येताना काळे होतात. त्यातही केस जाड होण्याचा भाग असतो, शिवाय हॉर्मोनमुळे रंगही वाढतो.

केस रंगवणारे लोक १ ते १० अशी पायरी वापरतात. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सर्वांत फिका भुरा. स्वतःला काळ्या केसांचे म्हणवणारे कितीतरी जण त्या पट्टीवर २ किंवा ३ वर बसतात. पट्ट्यांचा इतिहास फारसा गोड नाही, बरं का. १९०७ मध्ये ओयगेन फिशर या जर्मन मानववंशशास्त्रज्ञानं केसांच्या नमुन्यांची पट्टी बनवली, ती माणसांची वंशवार मोजदाद करायला, आणि पुढे हाच माणूस नाझी वंशशास्त्राचा मोठा पाठीराखा झाला. आज पट्टीचा उपयोग योग्य डब्बा निवडण्यापुरता करावा. तुम्ही १ वर नसाल, २ वर असाल. त्यानं काही बिघडत नाही.

आता टोकांकडे येऊ. तुमचे केस ४५ सेंटिमीटर असतील तर टोकाचा भाग पावणेचार वर्षांपूर्वी कातडीबाहेर आलेला आहे. तेवढी वर्षं त्यानं ऊन, धुणं, विंचरणं, गरम हवा सोसली. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून मेलॅनिन तोडतात. अर्धवट तुटलेलं मेलॅनिन तांबूस, मग पिवळट दिसतं. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन आणि ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड हेच काम जास्त वेगानं करतात. ब्लीच केल्यावर काळे केस आधी नारिंगी होतात ते याच कारणानं. शिवाय टोकाशी साल झिजून खडबडीत झालेली असते. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यामुळे केस मूळ रंगापेक्षा फिका वाटतो.

तेल लावल्यावर केस लगेच काळे दिसतात ते इथेच कळतं. तेल त्या खाचांत बसतं, विखुरणं कमी होतं, केस गडद दिसतो. पाण्यानं ओले केस काळे दिसतात तसंच. तेलानं केस काळा झाला असं ज्याला वाटतं त्यानं दोनदा शाम्पू करून पुन्हा बघावं. तेल वाईट नाही. घर्षण कमी होतं, केस तुटणं कमी होतं, टोकं जास्त काळ धड राहतात. पण केस काळे करणारं तेल म्हणून जे विकलं जातं त्यात एकतर रंग मिसळलेला असतो, नाहीतर नुसती आशा.

माझ्याकडे कुणी "केस तांबडे झाले" म्हणून आलं की मी टोकं पाहतच नाही. भांग पाडतो आणि डोक्यालगतचे दोन सेंटिमीटर भिंगातून बघतो. तो गेल्या दोन महिन्यांत बनलेला केस असतो. तो काळा असेल आणि फिकेपणा खाली टोकांकडेच असेल, तर शरीर रंग नीट बनवतंय. जे झालं ते बाहेर झालं. डोक्यालगतचाच केस पूर्वीपेक्षा फिका येत असेल तर मात्र मी बसवून चौकशी करतो. हा फरक घरीही करता येतो: आरसा, भरपूर उजेड आणि भांग, बस.

मुळापासून फिका केस येण्याची कारणं थोडी आहेत, पण ती चुकवून चालत नाहीत. प्रथिनांची तीव्र उपासमार हे जुनं, परिचित कारण. सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांमधल्या ज्या कुपोषणाचं वर्णन केलं, ज्याला आपण क्वाशिओरकर म्हणून ओळखतो, त्यात काळे केस तांबूस, विरळ आणि सहज उपटून येणारे होतात. मधले काही महिने मुलाला नीट खायला मिळालं आणि पुन्हा उपासमार झाली, तर एकाच केसावर काळा आणि फिका असे पट्टे येतात. एकेक सेंटिमीटर मोजत गेलं की कोणत्या महिन्यात मूल उपाशी होतं तेही सांगता येतं. तसेच पट्टे सुनिटिनिब हे कर्करोगावरचं औषध घेणाऱ्यांत दिसतात: चार आठवडे औषध, दोन आठवडे विश्रांती असा क्रम असला की औषधाच्या काळात पांढरा आणि विश्रांतीच्या काळात काळा. औषध थांबलं की केस पुन्हा काळे येतात. तांब्याची तीव्र कमतरता, काही जन्मजात चयापचयाचे आजार ही आणखी कारणं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

उरले ते कानाजवळचे पांढरे केस. तुम्हाला खरी काळजी त्यांचीच आहे असा माझा अंदाज.

केसाच्या मुळाच्या वरच्या भागात रंगपेशींच्या मूळपेशी असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, गळतो, मग त्याच जागी नवा येतो, आणि दर वेळी या साठ्यातून नव्या रंगपेशी खाली पाठवल्या जातात. साठा आटला, किंवा पेशी असूनही खाली उतरल्या नाहीत, की पुढचा केस पांढरा. म्हणून एखादं मूळ पांढऱ्यावर गेलं की शेजारचं अनेक वर्षं काळंच राहू शकतं. आणि म्हणूनच एक पांढरा केस उपटला तर सात येतात हे खोटं आहे. एका मुळातून येणारा केस शेजारच्याला रंग देत नाही की घेत नाही. उपटू मात्र नका, वारंवार उपटल्यानं मूळ दुखावतं. बारीक कात्रीनं कापा.

कुणाचे केस कधी पिकणार हे मुख्यतः वंशपरंपरेवर आहे. आईवडिलांना त्यांचे पहिले पांढरे केस कधी दिसले ते विचारा. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात आयआरएफ४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध सापडला, पण एकट्या त्याच्यावर सगळं अवलंबून नाही. पुस्तकात अकाली म्हणजे कधी याचे आकडे दिलेले आहेत: युरोपीय वंशाच्या लोकांत २० च्या आधी, आशियाईंमध्ये २५ च्या आधी, आफ्रिकी वंशात ३० च्या आधी. तुम्ही २७ व्या वर्षी सात-आठ केस मोजताय. मोजता येतात तोवर मी त्याला आजार म्हणणार नाही.

तरी एकदा रक्त तपासून घ्यायला मी सांगतो, कारण सापडलंच तर सुधारता येण्यासारखं असतं: बी१२, थायरॉइड, आणि शरीरातल्या लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन. बी१२ ची खरी कमतरता भरून काढल्यावर काही जणांचे केस पुन्हा काळे आल्याची उदाहरणं आहेत. "खरी" हा शब्द मुद्दाम वापरला. बी१२ मुळात पुरेसं असणाऱ्यानं वर आणखी गोळ्या खाल्ल्या तर काही होत नाही. तपासणीच्या आधी काही दिवस बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा, थायरॉइडचे आकडे त्यानं चुकीचे येऊ शकतात. धूम्रपान करणाऱ्यांत केस लवकर पिकताना दिसतात, तेव्हा ते असेल तर सोडायला आणखी एक कारण.

ताणाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की तीव्र ताणात चेतातंतूंतून सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनमुळे या मूळपेशी एकदम कामाला लागतात आणि साठा संपतो. २०२१ मध्ये माणसांच्या एकेका केसाचे बारीक तुकड्यातुकड्यांनी रंग मोजले गेले. लोक थोडेच होते, फक्त १४. काही केस वाढता वाढता पांढरे येऊन पुढे मुळाशी पुन्हा काळे येऊ लागलेले सापडले, आणि एकाच्या बाबतीत तो काळ सुट्टीचा निघाला. हे वाचून सुट्टी घ्यायला माझी ना नाही. पण ही गोष्ट नुकत्याच पांढरेपणाच्या उंबरठ्यावर आलेल्या केसांची आहे. दहा वर्षं पांढरं असलेलं डोकं सुट्टीनं काळं होत नाही.

"एका रात्रीत केस पांढरे झाले" ही मात्र दंतकथा. १७९३ मध्ये वधस्तंभाकडे नेताना फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस असे झाले होते म्हणतात. आधीच बाहेर आलेल्या केसातला रंग एका रात्रीत उडून जायला वाटच नाही. चाई, म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस गळणं, मात्र असा देखावा करू शकते: या आजारात बऱ्याचदा काळे केस झपाट्यानं गळतात आणि पांढरे मागे राहतात, त्यामुळे आधीच मिश्र असलेलं डोकं काही दिवसांत पांढरं दिसू लागतं. तुम्हाला नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, किंवा पांढऱ्या केसांच्या झुपक्याखालची कातडीही पांढरी पडलेली दिसली, तर थांबू नका. दुसरी शक्यता कोडाची असते.

पांढरा केस काळा करणारं, माणसांवर नीट सिद्ध झालेलं औषध आज नाही. कॅटलेज नावाच्या गोळ्या विकतात. त्यामागे एक धागा आहे: पिकलेल्या केसांत हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं आणि ते मोडणारं कॅटलेज कमी पडतं, असं २००९ मध्ये दिसलं. पण कॅटलेज हे प्रथिन. गिळलं की पोटात पचतं, केसाच्या मुळाशी जात नाही. पैसे वाचवा.

लावायचंच असेल तर कलप हा प्रामाणिक मार्ग, पण डोळे उघडे ठेवून. काळ्या टिकाऊ कलपाचा कणा म्हणजे पीपीडी, पॅराफेनिलीनडायअमाइन. लहान रेणू केसाच्या आत शिरतात, पेरॉक्साइडच्या मदतीनं एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि आत अडकतात. छटा जितकी गडद तितकं पीपीडी जास्त, म्हणून काळ्या कलपाची अॅलर्जी मला सर्वांत जास्त दिसते: कपाळ आणि कानांना खाज, पुरळ, आणि वाईट वेळी सकाळी डोळे उघडणार नाहीत इतके सुजलेले. युरोपीय संघात लावताना तयार झालेल्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांवर चालत नाही. हौसेनं काढलेल्या काळ्या मेंदीत ते त्याहून कितीतरी जास्त असू शकतं, आणि तिथे एकदा लागलेली अॅलर्जी जन्मभर राहते. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडाच येतो. तिच्यावर निळीच्या झाडाच्या पानांची पूड चढवली तर काळपट होतो. "नैसर्गिक" म्हणून विकलेली मेंदी एका लेपात गडद काळा रंग देत असेल तर डब्ब्यावरची घटकांची यादी वाचा. अमोनिया नाही असं लिहिलेलं असलं म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही.

दर वेळी लावण्याच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा लावून बघा. पूर्वी दहा वेळा चाललं म्हणून अकराव्या वेळी चालेलच असं नाही. ही अॅलर्जी वापरता वापरताच तयार होते. छटा निवडताना १ क्रमांकाचा काळा घेऊ नका, २ किंवा ३ घ्या. खऱ्या काळ्या केसांत केसागणिक आणि मुळापासून टोकापर्यंत छटा थोडी थोडी बदलते, कलपाचा काळा सगळीकडे एकसारखा बसतो आणि चेहऱ्यावर टोपासारखा दिसतो. तुमच्या सात-आठ केसांसाठी तर तोही लावायची गरज नाही. तांबूस टोकं पाच-सहा सेंटिमीटर कापून टाका, कडक उन्हात डोकं झाका, आणि सहा महिन्यांनी पुन्हा भांग पाडून डोक्यालगतचा केस बघा. तो काळा येत असेल तर मला दाखवायला यायचं कारण नाही.